वरून जोडलेली नळी

काल लेकीच्या केमिस्ट्रीच्या गृहपाठात वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरची आकृती दिसली आणि अमेरिकेतलं, पार्सिपनीतलं आमचं पहिलं अपार्टमेंट आठवलं. दोन हजार चार साल असेल. बाहेर बर्फ, आत फोडणीचा वास आणि टीव्हीवर सेलमध्ये घेतलेल्या डीव्हीडीतला जुना, खरखरणारा बोलपट. एक वेडा शास्त्रज्ञ तळघरात काहीतरी उकळत होता.

"अरे, पाण्याची नळी कंडेन्सरला खालून जोडतात, वरून नाही!" मी ओरडले.

"सिनेमा आहे गं, यार!" माझा नवरा हसला. मीही पोट धरून हसले.

नागपूरची लॅब सोडून मी आले होते. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, पण वाटायचं, एखाद-दोन वर्षांचाच प्रश्न आहे.

लॅबमध्ये मी पुन्हा कधी गेलेच नाही. त्या वेड्याकडे निदान तळघर तरी होतं.