शेवटून पहिला

संदेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमची यादीच दुरुस्त करत बसलो होतो. पत्त्यांच्या व्हिडिओ गेम्सची यादी. ज्यांनी हे गेम खेळले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: सुरुवातीला हातात दहा-बारा फडतूस पत्ते मिळतात, मग एकेक लढाई जिंकत चांगले पत्ते घ्यायचे, कुचकामी काढून टाकायचे आणि आपला कॅट आपणच बांधायचा. संदेश आणि मी, आम्ही दोघं भिवंडीत बसून अशा गेम्सना नंबर देणारं एक मराठी यूट्यूब चॅनेल चालवत होतो. प्रेक्षक थोडे, पण भांडकुदळ. फोनवर त्याची बायको वैशाली एवढंच म्हणाली, "भाऊजी, हे गेले..." मी "येतो" म्हणालो आणि आधी यादी सेव्ह केली. सांगायला लाज वाटते, पण झालं ते असं.

संदेश नारपोलीच्या एका कापड कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करायचा. नंबर देताना तो मऊ, मी कडू. त्याला प्रत्येक गेममध्ये काहीतरी गोड सापडायचं. "चित्रं बघ ना किती भारी हायेत," म्हणायचा. मी म्हणायचो, चित्रंच बघायची तर कॅलेंडर आण. भुतांच्या जहाजाचा गेम पहिला की जंगलाचा, यावरून आम्ही तीन रविवार अबोला धरला होता. जंगलाच्या गेममध्ये एक पत्ता काढून टाकायचा तर जबर नुकसान सोसावं लागतं, त्यामुळे प्रत्येक निर्णय टोचतो. म्हणून तोच पहिला, हे माझं मत आजही कायम आहे.

चार वर्षं खपून संदेशने स्वतःच एक गेम बनवला. शिफ्ट संपली की जुन्या लॅपटॉपवर बसायचा. पत्ते सगळे लूमवरचे: बॉबिन, आडवा धागा नेणारा धोटा, तुटलेला धागा, गेलेली लाइट. ड्युटी संपायच्या आत कापडाचा ताका पुरा करायचा. कल्पना झकास, खेळ रटाळ. 'लाइट गेली' हा पत्ता आला की तीन डाव नुसतं बसून राहायचं. "अरे, खरंच तसं असतं," तो म्हणाला. "असेल, पण खेळणाऱ्याने काय पाप केलंय?" मी म्हणालो. व्हिडिओत त्याला शेजारी बसवून मी त्याचा गेम एकोणिसात एकोणिसावा लावला आणि "शेवटून पहिला!" म्हणून खदाखदा हसलो. तोही हसला... कॅमेरा बंद होईपर्यंत.

पुढे त्याच्या किडन्या गेल्या. शेवटच्या भेटीत, कामतघरच्या त्याच्या खोलीत, तो भिंतीला टेकून बसला होता. पाय सुजलेले, ओठ सुकलेले. म्हणाला, "एक घर वर घे ना रे. अठरावा कर. तुझं काय जातंय?" हसून 'बरं' म्हणायला माझं काहीही गेलं नसतं. मी गंभीरपणे म्हणालो, "आधी तो लाइटचा पत्ता सुधार, मग बघू."

"न्हाय होणार आता..."

"मग एकोणिसावा," मी म्हणालो. प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच, असं मला वाटत होतं. नऊ दिवसांनी तो गेला.

महिन्याभराने वैशालीने त्याची एक वही माझ्या हातात दिली. "यात तुमचे ते गेमच हायेत, भाऊजी. मला काय कळत न्हाय." वहीत त्याची स्वतःची यादी होती, वर तारीख आमच्या त्या भेटीच्या कितीतरी आधीची. एकोणिसाव्या नंबरावर त्याचाच गेम. पुढे बारीक अक्षरात, 'मधेच कंटाळा येतो.' म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. माझा निवाडा त्याला नकोच होता. मित्राने आपल्यासाठी एकदा खोटं बोलावं, एवढंच हवं होतं, आणि तेवढंही मी दिलं नाही. फार नीचपणा केला मी.

परवा मी त्याचा गेम अठराव्या नंबरावर नेला. संदेश गेल्याचं चॅनेलवर आधीच सांगितलं होतं, पण नंबर बदलल्याचं कारण लिहिलं नाही. कुणाला काही फरक पडला नाही, फक्त एका प्रेक्षकाने खाली लिहिलं, "सर, माणूस मेला म्हणून ग्रेस मार्क का? गेम भंगारच आहे." मी संदेशची वही उघडून ती बारीक अक्षरातली ओळ पुन्हा वाचली. तो प्रेक्षक शंभर टक्के बरोबर बोलला होता, आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती मला.