कपॅसिटरच्या खणातलं जिरं

पांढुर्ण्याच्या स्टेशनवर बाबा हात हलवत होते, पण माझ्याकडे बघून नाही. माझ्या पुढच्या खिडकीत एक अनोळखी बाई डबा उघडून जेवत बसली होती, तिला ते मनापासून निरोप देत होते. "बाबा, इकडे!" असं मी ओरडेपर्यंत गाडी हलली. गाडीच्या डब्याचा नंबरही मीच त्यांना वाचून दाखवला होता. ती बाई मात्र भली. तिने खरकटा हात पुसून त्यांना हात हलवून दाखवला, आणि बाबा खूश होऊन हसले. इटारसीपर्यंत मी खिडकीतून तोंड आत वळवलं नाही.

बाबांचं बसस्टँडजवळ टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्यांच्या डोळ्यांचा पडदा हळूहळू विरत चाललेला. चष्मा, ऑपरेशन, काहीच उपयोगाचं नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. कॉलेज सांभाळून तीन वर्षं मी त्यांचे डोळे झाले. ते सेटला कान लावून बिघाड सांगायचे, मी तो भाग शोधून सोल्डरिंग करायची. आमची जोडी झकास होती. पण लोक आता दुरुस्त करण्यापेक्षा नवंच घेतात, या कामावर माझं पुढे निभणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. "नाही जात मी," असं एकदा म्हणून पाहिलं. बाबा म्हणाले, "मनात नाही ते तोंडानं कायले म्हन्तं बाई?" चोरी पकडली गेली होती.

निघण्याआधी दोन दिवस मी दुकानातल्या खणांच्या कपाटाला चिठ्ठ्या डकवल्या. जाड मार्करने, मोठ्या अक्षरांत: फ्यूज, डायोड, कपॅसिटर, बारीक स्क्रू. एवढं मोठं तरी दिसेल, असं मी आईला सांगितलं. खरं तर ते बाबांसाठी कमी आणि माझ्या मनाच्या समाधानासाठी जास्त होतं.

भोपाळला हबीबगंजवर उतरले. स्टेशनचं नाव बदललं होतं, तरी ऑटोवाले जुनंच घेत होते. कॉम्प्युटर नेटवर्क जोडायचं आणि सांभाळायचं काम शिकायचं, एवढं पक्कं होतं. कुठे शिकायचं, ते नव्हतं. महाराणा प्रताप नगरात क्लासच्या पाट्यांनी इमारती झाकल्या होत्या. पहिल्या ठिकाणी काचेचं दार, गारेगार हवा आणि टाय लावलेला एक हसतमुख माणूस. "मैडम, जॉब तो समझो पक्का. एग्ज़ाम हमारा, सर्टिफिकेट हमारा, कोई टेंशन नहीं." दुसऱ्या ठिकाणी जिना चढून तीन खोल्या, जुनी यंत्रं, तारांचे गुंते आणि सक्सेना सर. ते म्हणाले, "अपन गारंटी-वारंटी नहीं देते बेटा. हम सिर्फ सिखाते हैं. इम्तिहान बाहर की कंपनी लेगी, सर्टिफिकेट भी वही देगी. फेल हुईं तो फेल."

दोन दिवस मी भाड्याच्या खोलीत बसून राहिले. सल्ला विचारावा असं एकही माणूस त्या शहरात नव्हतं. मग सुटे भाग घेताना बाबा म्हणायचे ते आठवलं: "जो इकते त्यालेच माल खरा आहे का म्हणून इचाराचं नसते." तिसऱ्या दिवशी मी जिना चढले.

सरांनी पहिला महिना कॉम्प्युटर चालूच करू दिला नाही. तार सोला, आतले आठ धागे रंगाच्या क्रमाने लावा, टोकाला कनेक्टर दाबून बसवा. माझा हात आधीच बसलेला, त्यामुळे मी जरा मिरवतही होते. मग एक दिवस त्यांनी माझं सगळं काम पुन्हा करायला लावलं. चिठ्ठ्या मी तारांच्या एकाच टोकाला लावल्या होत्या. "दूसरा सिरा किधर गया, ये कौन बताएगा? तुम्हारे जाने के बाद?" दोन्ही टोकांना एकच नाव, हा त्यांचा नियम. 'तुम्हारे जाने के बाद' ऐकलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

रविवार मोठा वाईट. मराठी बोलायला कोणी नाही. तळ्यावर जावं तर तिथे सगळी कुटुंबंच्या कुटुंबं. घरी फोन केला की बाबा म्हणायचे, "दुकान मस्त चालू आहे." सोल्डरिंग कोण करतं विचारलं की आई मध्येच फोन घ्यायची.

पहिल्या वेळी मी नापास झाले. बाबांनी एवढंच विचारलं, "कंपनीनंच केलं ना नापास? मंग परीक्षा खरी आहे." दुसऱ्या वेळी पास झाले, तेव्हाही हेच विचारलं, "कंपनीनंच ना?"

त्या कागदावर मला इथल्याच एका ऑफिसात नेटवर्क सपोर्टची नोकरी लागली. "मैडम, नेट नहीं चल रहा," म्हणून दिवसभर फोन येतात. चालू झालं की पलीकडचा माणूस गायब. ज्या दिवशी सगळं सुरळीत असतं, त्या दिवशी माझ्याशी कोणी चकार शब्द बोलत नाही. काम चांगलं करावं तितकी मी एकटी पडते.

नोकरीनंतर पहिल्यांदा गावी गेले, तर दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं लटकत होती. घरी जाऊन मी भांडलेच. आई म्हणाली, "तू नापास झाली होती, तवाच बंद केलं. सांगतलं असतं तं तू धावत आली असती." खरं होतं. आले असते, आणि परत गेले नसते. बाबा माझ्या किंचित डावीकडे बघून हसत होते.

आईने वरणाच्या फोडणीला जिरं मागितलं. मी म्हटलं, कुठे आहे? आईच्या आधी बाबा बोलले, "कपॅसिटरात पाह्य."

दुकानातलं कपाट स्वयंपाकघरात आलं होतं. माझ्या चिठ्ठ्या जशाच्या तशा. डायोडमध्ये मोहरी, बारीक स्क्रूमध्ये ओवा, फ्यूजमध्ये बाबांच्या गोळ्या. "काढू देत नाही मले," आई म्हणाली. "म्हन्ते, पोरीनं लावल्या आहे." बाबांना आता त्यातलं एक अक्षर दिसत नाही. तरी उठून त्यांनी एकेका खणावर बोट ठेवत सगळी नावं म्हणून दाखवली, एकही न चुकता.

इथे कोणी "घर कहाँ है?" विचारलं की मी अजून अडखळते. पांढुर्णा म्हटलं तरी अर्धंच खरं, भोपाळ म्हटलं तरी अर्धंच. परवा खोलीवर वरण केलं, आणि जिऱ्याच्या बरणीवर जाड मार्करने एक चिठ्ठी लिहून डकवली. मग बाबांचा फोन आला. जेवली का, काय केलं, नेहमीचंच.

"वरण," मी म्हटलं. "फोडणीचं जिरं कपॅसिटरातलं."

पलीकडे बाबा हसायला लागले. मग म्हणाले, "हां. आता दिसली तू मले."