बांधून ठेवलेला सांड

सन १९६२. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत, आणि तोंडात विडी उठल्यापासून निजेपर्यंत. लग्नाला सात वर्षं झाली तरी मूल नव्हतं. घाटंजीकडच्या आमच्या तांड्यात माझ्या बरोबरीच्यांची पोरं ढोरं राखायला जाऊ लागली होती.

हे कोणाला गोड वाटावं म्हणून लिहीत नाही. या गोष्टीवर माणसं कुजबुजतात, दात काढतात आणि शेवटी बाईच्या माथी मारून मोकळी होतात. त्याची मला शिसारी आहे, म्हणून लिहितो.

आईला आम्ही याडी म्हणतो. याडीनं मला एका वैदूकडे नेलं. त्याची झोपडी आठवली की आजही माझा घास खाली उतरत नाही. कोपऱ्यात थुंकीचा थर, त्यावर माशा, आणि ज्या हातानं नाक पुसलं त्याच हातानं चिलीम भरून तो माझ्यापुढे करत होता.

"दिवाळीपासून होळीपर्यंत बायकोच्या बाजंकडं फिरकू नको," तो म्हणाला. "साठवलं का घट्ट होते. मंग एकडाव जाय. पोरगाच होईन. आन् ओढत राह्य, आंगात गरमी पाहिजे."

मी बाज गोठ्यात टाकली. झोप येईना म्हणून विडी, विडीनं खोकला, खोकल्यानं जाग आली की पुन्हा विडी. सकाळी बाजेखाली थोटकं आणि बेडके. शेणाला वास असतो, पण माझा वास त्याहून वाईट होता. ते सारं झाडायला बायकोच यायची. लिंबाखाली बसणारे रिकामटेकडे विचारायचे, "काय गा, धरण भरलं का?" आणि पिवळे दात दाखवायचे.

होळी आली, सांगितल्याप्रमाणे एकदा बायकोकडे गेलो. काही झालं नाही. वैदू म्हणाला, साठा कमी पडला, अजून दम धर. मी पुन्हा गोठ्यात. याडीचा दम मात्र सुटला. पोळा होताच तिनं लांबच्या एका तांड्यातली पोरगी माझ्यासाठी हेरली आणि पाहायला जायचा दिवस धरला. बायकोला ऐकू जाईल अशी म्हणाली, "भाकड गायीले कोन चारा घालते?"

सात वर्षं बायको गप्प होती. तिनं कोणाचं लेकरू उचललं तर आया ओढून घ्यायच्या, तरी गप्प. त्या दिवशी मात्र तरातरा गोठ्यात आली.

"गाय साऱ्यायनं पाह्यली. सांड कोनं पाह्यला?"

"तोंड सांभाळ."

"कायले सांभाळू? उद्या मले माहेरी धाडून देतीन, मंग कवा बोलू?" खुंट्याला आमचा सांड बांधलेला होता. आसपासची माणसं गायी घेऊन त्याच्याकडे येत. तिनं त्याच्याकडे बोट केलं. "लोकायले तुमीच सांगता ना, सांड लय दिवस बांधून होता, पयली खेप फुकट जाते, गाय पुन्हा आना म्हनून? मंग सोताले काहून बांधून घेतलं? आन् ते तोंडातलं! जवळ येता त मले उलटी येते."

माझं डोकं फिरलं. मर्दाला जनावराच्या रांगेत बसवलं! तिला खोटं पाडायचं, एवढ्याचसाठी मी दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. त्याच्या पुढच्या सकाळी पोरीकडे जायला गाडी जुंपायची होती.

डॉक्टरनं हातात काचेची बाटली दिली आणि मागच्या संडासात धाडलं. पायाखाली ओल, त्यात अळ्या, भिंतीला लोकांनी पुसलेली बोटं. अशा जागी उभं राहून माणसानं आपण मर्द असल्याची साक्ष द्यायची! थू.

डॉक्टरनं बाटलीतला थेंब यंत्राच्या काचेखाली पाहिला, मग मलाही पाहायला लावलं. मला वाटलं होतं, दाट साय दिसेल. दिसलं ते आटत्या डबक्यासारखं. त्यातले बहुतेक जीव मेलेले, काही जागच्या जागी वळवळणारे. ते माझंच होतं.

"बायकोपासून किती दिवस लांब आहेस?"

"होळीपासून."

"कुणी सांगितलं हे? अरे, हे काय लोणचं आहे साठवून मुरायला? जुनं आतच मरतं. दोन-तीन दिवसांचं अंतर पुष्कळ झालं." मग त्यानं माझी पिवळी बोटं पाहिली. "विडीचं छाती ठोकून सांगता येत नाही, पण मला तिचाही संशय आहे. सोडून दे. नवं तयार व्हायला तीन महिने लागतात, तेव्हा परत ये. आणि बायकोला बोल लावू नकोस."

घरी आलो तर याडी नवं लुगडं काढून बसलेली. सारं सांगितलं. ती म्हणाली, "डाक्टरले काय कळते? पोरगी आली का सारं सुदं होते." म्हणजे अजून एक पोरगी आणून तिलाही भाकड म्हणायचं. बायको चुलीपुढे बसून ऐकत होती. मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपायच्या आत निघून मी एकटाच चालत त्या तांड्यावर गेलो. पोरीचा बाप दारात बसला होता. पाहुणा म्हणून त्यानं विडी पुढे केली, ती मी घेतली नाही. उभ्या उभ्याच सांगितलं, "पोरगी देऊ नका. खोट माझ्यात आहे, बायकोत नाही."