भाजलेली माती

माझ्या वडिलांना स्वच्छतेचं वेड होतं. ते तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला होते. तिथे बूट बदलून, हात तपासून मगच बाहेर पडायचं. ती शिस्त ते घरीही घेऊन यायचे. वसाहतीतल्या आमच्या घरात टोमॅटोसुद्धा दोनदा आंघोळ केल्याशिवाय विळीपर्यंत पोचत नसे.

आईचं माहेर केळव्याचं. आजोबा वारल्यावर मामाने वाडीतला भाजीचा तुकडा मोडून तिथे पानवेली लावल्या, आणि आजोबांचं पांढऱ्या रेघांचं वांगं वाडीतून नाहीसं झालं. उरलं ते आईच्या काड्यापेटीतलं चिमूटभर बी. एका वर्षी तिने ते वडिलांच्या हातात दिलं. म्हणाली, "हे गेलं की बाबांचं वांगं गेलं."

वडिलांनी जिवाचं रान केलं. माती चाळली आणि किडा-जंतू राहू नये म्हणून चक्क आईच्या मोठ्या कढईत भाजली. घरभर वास. आई पुढे कितीतरी दिवस त्या कढईला हात लावत नव्हती. निम्मं बी खोक्यात पेरून त्यांनी खोकं व्हरांड्यात ठेवलं आणि त्यावर खिडकीची जुनी काच झाकली. रोपं काय तरारली! लुसलुशीत, हिरवीगार. शेजारी आले की वडील काच उचलून बाळ दाखवावं तशी रोपं दाखवायचे. माझ्या परीक्षेच्या निकालाचं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं, म्हणून मी मनातून जळायचे.

परसात लावल्यावर आठ दिवसांत तुडतुड्यांनी आणि अळ्यांनी पानांची चाळण केली. ड्युटीला जाण्याआधी वडील वाकून एकेक अळी वेचायचे. एकही रोप वाचलं नाही. उरलेल्या बियांची काड्यापेटी आईने परत कपाटात ठेवून दिली, आणि वडिलांना तेच सोसवेना.

डोंगराकडच्या पाड्यावरून एक बाई आमच्याकडे भाजी घेऊन यायची. ती सगळ्यांना अरे-तुरे करायची, वडिलांनाही. तिने रिकामा वाफा बघितला, कढईची आणि काचेची हकिगत ऐकली आणि टोपली खाली ठेवून पोट धरून हसली.

"अरं सायब, माती काय शेंगदाणा हाय, भाजाया? जीव असतो तिच्यात. न् काचंखाली कशाला ठेवलीस रोपं? ऊन खाऊ दे त्यांना. जिथलं वांगं हाय तिथली माती आण."

पुढच्या रविवारी वडील केळव्याला गेले आणि वाडीतल्या जुन्या झाडांखालची माती पिशवी भरून घेऊन आले. मामा हसत म्हणाला होता म्हणे, "लोक नारळ नेतात, तुमी माती नेताय!" या वेळी कढई नाही, काच नाही. उरलेलं सगळं बी त्यांनी उघड्यावर पेरलं. रोपं बुटकी आली, पानं जाड आणि खरखरीत. वडिलांचा चेहरा पडला. पण तुडतुडे आले, थोडे टिकले, बाकीचे निघून गेले. पानांना भोकं पडली, झाडं उभी राहिली.

यामागचं कारण मला फार पुढे, शेतीचं शिक्षण घेताना कळलं. मातीतली काही बुरशी मुळांशी घर करते आणि झाडाला किडीविरुद्ध आधीच सावध करते. उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पानं जाड आणि किडीला नकोशी करतात. ते काचेतून फारसे येत नाहीत. सुट्टीत घरी आल्यावर जेवताना मी हे सांगितलं. वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मी त्यांना जास्तच जपलं." आईने त्यांच्या ताटात आणखी एक वांगं वाढलं. माझं माझ्या वडिलांवर किती प्रेम आहे, ते मला त्या जेवणात कळलं.

पण हे फार नंतरचं. झाडं उभी राहिली त्या हंगामातलं पहिलं वांगं आईने खाऊ दिलं नाही. झाडावरच पिवळं होऊ दिलं, बी काढून राखेत वाळवलं. काड्यापेटी भरली, आणि दुसरीही. दुसरी पेटी घेऊन वडील आम्हाला केळव्याला घेऊन गेले. मामाने ती उघडून थोडं बी तळहातावर घेतलं. हे बी जगात कुठे उरलं असेल, असं त्याला वाटलंच नव्हतं. त्याने डोळे पुसले, कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि पानवेलींच्या कडेला एक वाफा खणायला घेतला.

"भावोजी," खणता खणता तो म्हणाला, "आणखी माती पायजे काय तुमाला?"