पूजेपुरती काळी केलेली बंदूक

वहिनीचा फोन आला तेव्हा आजारी दादाला बघायला मी संगमनेरहून नगरच्या बसमध्ये बसलेच होते. "आता घाई करू नका वन्सं... झालं सगळं," ती म्हणाली. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं, मी नगर म्हणाले. जायचं तर होतंच.

दादा फौजेत हत्यारांच्या दुरुस्तीचं काम शिकला आणि निवृत्तीनंतर त्यानं नगरला परवान्याच्या बंदुका दुरुस्त करायचं दुकान काढलं. त्याचा हंगाम दसऱ्यानंतरचा. लोक बंदुकीवर पाणी शिंपडणार, हळदकुंकू लावणार, झेंडूखाली ठेवून विसरणार, मग नळीवर तांबडे डाग घेऊन याच्याकडे येणार. "नमस्कार करा की लांबून, अभिषेक कशाला?" तो ओरडायचा. नव्या बंदुकांना त्याचं फारसं काही लागत नसे. आतून क्रोमचा मुलामा, वरून जाड लेप. दमट हवाही सोसतात. जुन्यांचा निळसर काळा रंग म्हणजे मुद्दाम धरवलेला गंजच. गंजवायचं, उकळायचं, घासायचं, पुन्हा गंजवायचं... दिवसच्या दिवस. पण तो रंग फक्त वरचा. आत खड्डे पडले असतील तर त्यावर इलाज नाही.

लक्ष्मण हा त्याचा गावाकडचा मित्र. आज्याची दुनळी बंदूक घेऊन आला. दादानं नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं.

"लक्ष्या, ही मेली. बार उडवायचा नाही हिच्यातून."

"मेली तर मेली. मयतालाबी आंघोळ घालत्यात की! दसऱ्याला पाव्हण्यांम्होरं ठेवायची हाय, पूजेपुरती. कर काळी."

दादा हसला. मित्रासाठी म्हणून केली, आणि अशी केली की बंदूक कालच आणल्यासारखी दिसायला लागली.

त्याच हिवाळ्यात उसातला बिबट्या लक्ष्मणच्या गोठ्यापाशी आला. लक्ष्मण घरी नव्हता. त्याच्या थोरल्या मुलानं ती काळीभोर बंदूक उचलली आणि चालवली. नळी फुटली. डावा हात मनगटापासून गेला.

दादा दवाखान्यात गेला, तर लक्ष्मणनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. पुढची सगळी वर्षं दादाला एकच प्रश्न होता. मी काळी केली नसती, तर पोरानं उचलली असती का? शेवटच्या आजारपणातही दाराशी चप्पल वाजली की विचारायचा, "लक्ष्या आला का?" आम्ही नाही म्हणायचो. खोटं बोलून काय मिळणार होतं?

लक्ष्मण आला तो दहाव्याला. विधी उरकल्यावर माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"ताई, ह्यानं मला बजावलं हुतं. म्याच पोराला सांगितलं न्हाई. आज्याची बंदूक मेलीय, हे घरात कसं सांगायचं?"

"हे दादाला सांगायचं होतं," मी म्हणाले.

"व्हय."

मग त्याला दुकान बघायचं होतं. वहिनीनं कुलूप काढलं. भिंतीशी गिऱ्हाइकांच्या जुन्या बंदुका उभ्या होत्या, सगळ्या फिकट, तपकिरी, डागाळलेल्या. तेल लावलेल्या, पण रंग एकीलाही नाही.

"एकबी काळी केली न्हाई?"

"तुमच्यानंतर नाही," वहिनी म्हणाली. "लोक दुसरीकडे गेले. ह्यांनी नाही केली."

लक्ष्मणनं एका नळीकडे हात पुढे केला.

"हात नका लावू, भाऊजी," वहिनी म्हणाली. "घामानं गंजतात."