वकिलातीच्या फाटकाबाहेर

पुण्यात सहा वर्षं मी जर्मन शिकले. लग्न होऊन दुबईत आले आणि ती भाषा कपाटात ठेवलेल्या शालूसारखी नुसती पडून राहिली. नवरा अबू धाबीच्या पलीकडे, रुवैसच्या तेल रिफायनरीत. आठवडाभर तिकडेच राहायचा, शुक्रवारी संध्याकाळी साडेतीन तासांचा प्रवास करून घरी यायचा, शनिवारी झोपायचा, रविवारी दुपारी परत निघायचा. मूल झालं नाही. त्याबद्दल बोलणंही आम्ही केव्हाच सोडून दिलं होतं. मी एका टायपिंग सेंटरमध्ये लोकांच्या व्हिसाचे फॉर्म भरत असे. एका म्हाताऱ्या जर्मन गृहस्थांना वाचून दाखवायला कोणीतरी हवंय, असं ओळखीच्या एका बाईंनी सांगितलं, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी मेट्रोने जुमेरा लेक टॉवर्सला गेले.

ते एकविसाव्या मजल्यावर एकटे राहत. वय एकोणऐंशी. दोन्ही डोळ्यांच्या मध्यभागी काळा डाग पडलेला. कडेचं थोडं दिसायचं, समोरचं माणूस दिसायचं नाही. म्हणून बोलताना ते माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यापलीकडे बघत. तरुणपणी ते विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत. मग परराष्ट्र खात्यात गेले आणि पंचवीस वर्षं या ना त्या देशात वकिलातीत काढली. शेवटची नेमणूक इथे आखातात होती. निवृत्त झाल्यावर बायकोबरोबर इथेच राहिले. पुढे बायको वारली. एक मुलगी होती, ती जर्मनीत वकिली करायची.

मी त्यांना प्रोफेसर म्हणायचे. आम्ही जर्मनमध्ये बोलायचो आणि शेवटपर्यंत त्यांनी मला 'तुम्ही'च म्हटलं. त्यांना आत्मचरित्र लिहायचं होतं. जुन्या डायऱ्या मी वाचून दाखवायच्या, त्यावरून ते सांगणार, ते मी लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं. आठवड्यातून चार सकाळी.

पहिले सहा महिने छान गेले. लहानपण, युद्धानंतरची उपासमार, वडिलांचं गप्प राहणं. मी घरी येताना मेट्रोत मनातल्या मनात जर्मन वाक्यं जुळवायचे. कित्येक वर्षांनी मला कोणीतरी शब्द विचारत होतं, हे वाक्य बरं वाटतं का म्हणून विचारत होतं.

मग ती डायरी आली.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक जबाबदारीवर होतं. दुसऱ्या माणसाने आपल्यावर विश्वास टाकला की आपण कशाला बांधले जातो, असा त्याचा विषय. त्या पुस्तकाची सुरुवात एका खऱ्या प्रसंगाने होते. तीसेक वर्षांपूर्वी एका देशात यादवी पेटली. कोणता देश ते त्यांनी लिहिलं नाही, मीही लिहीत नाही. वकिलात रिकामी करायचा हुकूम आला. प्रोफेसरांचा तिथला एक दुभाषी होता. चार वर्षं त्यांच्याबरोबर फिरलेला. त्याने त्यांना ती भाषा शिकवली होती, आणि एकदा बंदूकधाऱ्यांनी गाडी अडवली तेव्हा स्वतः खाली उतरून, हातापाया पडून त्यांना सोडवलं होतं. गाड्यांच्या ताफ्यात त्याला आणि त्याच्या कुटुंबाला न्यायचं ठरलं होतं. पुस्तकात लिहिलंय, 'आम्ही सकाळी नऊपर्यंत थांबलो. तो आला नाही.' पुढची तीनशे पानं त्या न आलेल्या माणसावर उभी आहेत. जिथे जिथे ते पुस्तक शिकवलं गेलं, तिथे मुलांनी ते नऊ वाजेपर्यंतचं थांबणं वाचलं.

डायरीत त्या दिवसाचं पान मी वाचायला घेतलं. अक्षर घाईचं होतं, पण स्पष्ट होतं. वाचता वाचता मी मध्येच थांबले.

'थांबू नका,' ते म्हणाले. 'वाचा.'

डायरीत असं होतं: तो सात वाजता आला. बायको आणि लहान मुलगी बरोबर. फाटक बंद होतं. वरून निरोप होता की स्थानिक नोकरांचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. दोन जागा मोकळ्या होत्या, माणसं तीन. मला फाटकावर जाऊन त्यांना हे सांगवेना. मी गार्डला म्हणालो, साहेब निघून गेले असं सांग. पडद्याआडून पाहिलं. ते वीसेक मिनिटं उभे होते, मग गेले. आम्ही नऊला निघालो.

मी डायरी मिटली. मी विचारलं, 'आज इथेच थांबू या का?'

'डायरीच्या मागच्या कप्प्यात एक पत्र आहे,' ते म्हणाले. 'तेही वाचा.'

पत्र इंग्रजीत होतं, चौदा वर्षांपूर्वीचं. ती फाटकावरची मुलगी मोठी होऊन दुबईत नोकरीला आली होती. वर्तमानपत्रात प्रोफेसरांचा फोटो बघून तिने वकिलातीच्या पत्त्यावर लिहिलं होतं. 'माझे वडील तुमच्याकडे दुभाषी होते. त्या सकाळी सात वाजता आम्हाला सांगितलं की तुम्ही गेलात. दहा दिवसांनी वडिलांना घरातून उचलून नेलं, ते परत आले नाहीत. तुमच्या पुस्तकात वाचलं की तुम्ही नऊपर्यंत थांबलात. यातलं खरं काय, एवढंच मला कळवा.' खाली रास अल खोरमधल्या एका गोदामाचा पत्ता आणि फोन नंबर.

'तुम्ही काय कळवलंत?' मी विचारलं.

'काहीच नाही.' ते माझ्या खांद्यापलीकडे बघत होते. 'निवृत्त झाल्यावर बायकोला म्हणालो, इथेच राहू, हवा मानवते. खरं म्हणजे मला तिला भेटायचं होतं. दर हिवाळ्यात ठरवायचो की या हिवाळ्यात जाऊ. बायको गेली, डोळे गेले. अर्ध्या तासाच्या अंतरावर चौदा वर्षं राहिलो.'

त्या शुक्रवारी मी नवऱ्याला हे सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, 'तू कशाला त्यात इन्व्हॉल्व्ह होतेस? टाइप करायचं आणि घरी यायचं. उद्या पोलिसबिलिस काही निघालं तर व्हिसा कोणाचा जाईल?' त्याचं चुकत होतं असं नाही. इथे वीस वर्षं राहिलेला प्रत्येक जण असाच विचार करतो, मीसुद्धा.

तरी मी प्रोफेसरांना विचारून पत्रातल्या नंबरवर फोन लावला. नंबर तोच होता. ती म्हणाली, या, मी आठ ते सहा असते.

आम्ही टॅक्सीने गेलो. प्रोफेसरांनी सूट घातला होता. तिच्या भाषेतली चार वाक्यं त्यांनी पाठ केली होती आणि वाटभर ती पुटपुटत होते. रास अल खोरमध्ये जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची गोदामं आहेत. रस्त्यावर इंजिनं मांडलेली, ग्रीसचा वास, ट्रक मागे घेणाऱ्यांचं अरबीतलं 'यल्ला यल्ला', चला चला, चाललेलं. लोखंडी जिन्याने मी त्यांना हात धरून वर नेलं. ती तिथल्या ऑफिसात हिशेबनीस होती. चाळिशीला टेकलेली, डोक्याला साधा रुमाल बांधलेला. तिने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. मला रागच बरा वाटला असता.

प्रोफेसर बोलायला लागले आणि पाठ केलेली वाक्यं विसरले. दोनदा सुरुवात केली, दोनदा अडखळले. मग इंग्रजीत म्हणाले, 'सात वाजताचं खरं आहे. मी आत होतो.'

'मला माहीत आहे,' ती म्हणाली. 'पुस्तक वाचलं तेव्हाच कळलं.'

'मी पडद्याआडून बघत होतो.'

'ते माहीत नव्हतं.' तिने पुढ्यातली हिशेबाची वही मिटली. मग म्हणाली, 'परत जाताना वडिलांनी मला खांद्यावर घेतलं होतं. ते आईला म्हणाले, साहेब वेळेवर निघाले ते बरं झालं. नाहीतर आपल्यापायी अडकले असते.'

प्रोफेसरांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले होते.  मी एक हात धरला.

'मला हे खरं लिहायचं आहे,' ते म्हणाले. 'तुमची परवानगी असेल तर.'

'परवानगी कशाला? तुमचं आहे, तुम्ही लिहा. मला त्यात घालू नका. वडिलांनाही नको. एकदा तुम्ही त्यांच्यावर पुस्तक लिहिलंत, तेवढं पुरे.' खालून कोणीतरी तिला हाक मारली. ती उठली. मला हिंदीत म्हणाली, 'दीदी, जिना उतरताना सांभाळा, तिसरी पायरी हलते.'

 घरी आल्यावर सूट तसाच अंगात ठेवून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ते पान सांगितलं. अगदी कोरडं, अर्ध्या पानाचं. तिचा उल्लेख नाही, तिच्या वडिलांचा 'एक माणूस' एवढाच. मग त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहायला लावलं, की त्या जुन्या पुस्तकाच्या सुरुवातीचा प्रसंग खोटा आहे, तशी दुरुस्ती जाहीर करावी. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. फार सभ्य होतं. पुस्तक बरीच वर्षं छापलेलं नाही, शिल्लक प्रती नाहीत, त्यामुळे दुरुस्ती करण्याचं प्रयोजन उरत नाही, आपल्या प्रकृतीला शुभेच्छा. मी ते दोनदा वाचून दाखवलं.

'म्हणजे खोटंसुद्धा आता कोणाला नको आहे,' ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी काही सांगितलं नाही. मी जायचे, लॅपटॉप उघडून बसायचे, ते खिडकीकडे तोंड करून बसायचे. मी डाळ-भात करून न्यायला लागले, तो ते चमच्याने इकडून तिकडे करायचे. एकदा मी धीर करून म्हणाले, 'निदान तुम्ही तिला जाऊन सांगितलंत तरी.' ते म्हणाले, 'मी तिला काय दिलं? तिचे वडील बिचारे फसले, एवढं तिला ठाऊक होतं. कोणीतरी आतून त्यांना बघत होतं, हे मी नवीन दिलं.' मी डब्याचं झाकण लावलं. 

मार्चमध्ये त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते हॉस्पिटलमध्ये बारा दिवसांत गेले. त्यांची मुलगी जर्मनीहून आली. उंच, दमलेली, माझ्याशी नीट वागणारी. तिने सगळा मजकूर वाचला आणि मला बोलावलं.

'हे शेवटचं अर्धं पान,' ती म्हणाली, 'पपांचं डोकं शेवटी ठिकाणावर नव्हतं. तुम्हालाही दिसलं असेल.'

'त्यांचं डोकं ठिकाणावर होतं,' मी म्हणाले. 'डायरीतही तसंच आहे.'

'डायऱ्या मी घेऊन जाते आहे.' ती थांबली. 'मला समजून घ्या. माझ्याकडे त्यांचं एवढंच उरलं आहे. तुमच्या लॅपटॉपमध्ये कॉपी असेल ती काढून टाका, प्लीज.'

मी तिच्या समोर बसून ती फाईल डिलीट केली. नाही म्हणता आलं असतं. परक्या देशात कागदावर ज्याचं नाव त्याचं ऐकायचं, ही सवय अंगात इतकी मुरली आहे की बोटं आपोआप चालली. घरी जाताना जाणवलं की मीही आत बसून निरोप पाठवणाऱ्यांतलीच निघाले.

आठवड्याने मी रास अल खोरला फोन केला. प्रोफेसर गेले, एवढंच सांगायचं होतं.

'त्रास झाला का त्यांना?' तिने विचारलं.

'हो,' मी म्हणाले. 'हॉस्पिटलच्या आधीपासून.'

 'हे ऐकून बरं वाटेल असं इतकी वर्षं वाटायचं,' ती म्हणाली. 'तसं काही वाटलं नाही.' मग तिने विचारलं की तुम्ही मूळच्या कुठल्या, आणि मी सांगितलं, आणि तिने फोन ठेवला.

मी पुन्हा पूर्ण वेळ टायपिंग सेंटरमध्ये जाते. मधूनच एखादा जर्मन जन्मदाखला भाषांतराला येतो. तो मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे सरकवते, तिला जर्मन येत नाही तरी. ती कॉम्प्युटरला विचारून करते. मी तपासतही नाही.