हिंदुराव वाढप्याची कुंडी

सोलापुरात लग्नाच्या पंगतीत ज्यांनी ज्यांनी हिंदुरावांच्या हातचं वाढून घेतलं, ते सगळे एक गोष्ट नक्की सांगतील. हा माणूस कुणाला सुखासुखी पानावरून उठू देत नसे. खांद्यावर पंचा, हातात हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची बादली आणि "नको" या शब्दापुरते ठार बहिरे कान. पाहुण्याने पानावर दोन्ही हात आडवे धरले, तर हे बोटांच्या फटींतून तूप सोडायचे. "पोट फुटेल हो," असं कुणी कळवळून म्हटलं, तर म्हणायचे, "फुटू द्या की. शिवायला मांडवात शिंपी हाय."

मूळचे वैरागजवळच्या एका खेड्यातले. तरुणपणी शहरात आले, चादरीच्या कारखान्यात गठ्ठे बांधायला लागले आणि लग्नसराईत एका आचाऱ्याबरोबर वाढायला जाऊ लागले. कारखाना पुढे बंद पडला, वाढणं तेवढं राहिलं. मग बुफे आले. आचाऱ्याने हिंदुरावांना कागदी टोपी घातली, टेबलामागे उभं केलं आणि बजावलं, "मागितलं तरच द्यायचं." हे त्यांच्या जिवाला लागलं. मागितल्यावर कुणीही देईल, त्याला हिंदुराव कशाला पाहिजेत? थोड्याच दिवसांत टोपी परत करून ते घरी बसले.

त्यानंतर त्यांचा सगळा आग्रह एकट्या रंभाबाईंच्या वाट्याला आला.

रंभाबाई म्हणजे त्यांची बायको. अंगाने चिपाड, खाणं चिमणीएवढं. अर्धी भाकरी, शेंगांची चटणी, वर पाणी, की झालं जेवण. हिंदुराव वाढायला आले की त्या ताट मागे ओढायच्या आणि म्हणायच्या, "पुरं की ओ." संसार सुरू झाल्यापासून हेच चाललं होतं, आणि दोघांनाही त्यात मौज वाटत होती. मग रंभाबाईंच्या पोटात गाठ निघाली आणि त्यातली मौज संपली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेवढं मागतील तेवढंच द्या. पुन्हा तेच, मागितलं तरच! हिंदुरावांनी हे कानाआड केलं. शिरा, खिमट, तुपातला भात, काय काय करून वाटी घेऊन ते कॉटपाशी बसायचे. "एक घास. माझ्यासाठी खा की गं." रंभाबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या आणि घास घ्यायच्या. मग भिंतीला धरत धरत मोरीत जायच्या आणि तांब्याने पाणी ओतत राहायच्या. नळाला आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी येणाऱ्या या गावात साठवणीचं पाणी असं वाया घालवणारी ती बाई नव्हती. ओकारीचा आवाज बाहेर जाऊ नये, म्हणून ती ते ओतत होती.

हिंदुरावांना हे कळलं नव्हतं असं नाही. ते दाराबाहेर उभे राहून ऐकायचे. तरीही संध्याकाळी पुन्हा वाटी भरायचे. आपण वाढायचं थांबलो की ही जाणार, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

त्या आजारात रंभाबाईंनी आपण होऊन खाल्लं ते एक सीताफळ. लेक सोनाली मोहोळला दिलेली, तिने येताना आणलं होतं. चार पाकळ्या चोखून त्यांनी काळ्याभोर बिया तळहातावर घेतल्या, गॅलरीत नेल्या आणि चहापत्तीच्या जुन्या डब्यांत रस्त्याकडेची माती भरून पेरल्या. "उगवाय लई दिस लागत्यात," त्या हिंदुरावांना म्हणाल्या. "पाणी तेवढं घाला. दुसरं काय घालत बसू नका. माळावरचं झाड हाय, त्येला तितं कोण वाढतंय?"

माघात रंभाबाई गेल्या.

सावडायच्या दिवशी हिंदुरावांचे थोरले भाऊ उदयसिंह गावाहून आले. गावाकडे आता राख नदीत सोडत नाहीत. शेतात खड्डा घेतात, त्यात राख घालतात आणि वर आंब्याचं रोप लावतात. आई-वडिलांची अशी दोन झाडं बांधावर उभी होती. "रंभाची बी तितंच नेऊ," उदयसिंह म्हणाले. त्यात काही वावगं नव्हतं. पण हिंदुरावांचा पाय हलेना. बायकोचा सगळा जन्म शहरातल्या या दोन खोल्यांत गेला, आता तिला एकटीला रानात कुठं सोडायची? अस्थी नदीत गेल्या. राख मात्र त्यांनी कापडी पिशवीत भरून आणली आणि घरात ठेवत नाहीत म्हणून गॅलरीच्या खिळ्याला टांगली. शेजारच्या बसम्मा दोनदा बोलून गेल्या, सोनाली रडली, पण पिशवी हलली नाही.

आणि उन्हाळ्यात, कुणी लक्षही देत नव्हतं तेव्हा, त्या डब्यांत बिया उगवल्या. सोनालीने मोजून सांगितलं, पाच.

हिंदुराव त्या दिवशी जेवले नाहीत, गॅलरीतच बसून राहिले. मग एकदम उठले. गावाकडच्या आंब्यांसारखंच, फक्त रानाऐवजी कुंडीत! कुणाला काही न विचारता त्यांनी तयारी केली. बाजारातली सगळ्यांत मोठी कुंडी आणली. तिच्यात कुजलेलं शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड घातली. साधी माती नावालाच. मग खिळ्यावरची पिशवी काढली आणि सगळी राख त्यात ओतून दोन्ही हातांनी कालवली. कालवताना ते रडत होते आणि कितीतरी दिवसांनी त्यांना बरंही वाटत होतं. पाची रोपं त्यात लावली. पंगत बसवल्यासारखं वाटलं त्यांना.

आठवडाभरात पानांच्या कडा तपकिरी झाल्या. रोपांना कमी पडत असेल, म्हणून त्यांनी आणखी एक थर खत दिलं. एक रोप मान टाकून आडवं झालं. उरलेल्यांसाठी शेण कालवून पाणी घातलं. दुसरं गेलं, तिसरं गेलं, मग चौथं. शेवटच्या रोपाला दोनच पानं उरली, तीही कडेने करपलेली. हिंदुराव त्याच्यापाशी बसून तेच म्हणत होते, जे कॉटपाशी म्हणायचे. "खा की गं."

शेवटी कुंडी रिक्षात घालून ते विजापूर रोडला नंदीशच्या रोपवाटिकेत गेले. नंदीश तिशीतला, अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा माणूस. त्याने मातीत मनगटापर्यंत हात घातला.

"काय काय घातलाव मामा ह्याच्यात?"

हिंदुरावांनी खतांची नावं सांगितली. नंदीशने माती बोटांत चुरली. "आणि राख?"

"हाय."

"किती?"

"सगळी."

"जळालं मग. राख म्हणजे खारच की! कोवळ्या मुळ्यांना सोसत नाही. वर एवढं खत. कालच्या पोराला पुरणपोळी भरवल्यागत झालं हे." नंदीश हसला. "ही माती फेकून द्या सगळी. मुळ्या धुवा, साध्या मातीत लावा. जगलं तर जगेल."

"फेकायची न्हाय."

"अहो, मग झाड जातंय."

हिंदुराव कुंडीकडे बघत म्हणाले, "त्यात आमची मंडळी हाय."

नंदीशचा हात मातीतच राहिला. मग त्याने तो हळूच बाहेर काढला. झटकावा की न झटकावा, हे त्याला कळेना. तसाच धरून तो हिंदुरावांशेजारी खाली बसला.

"मग फेकू नका मामा," तो म्हणाला. "डब्यात भरून ठेवा. रोपाला गाळाची माती, जास्तीचा मुरूम आणि थोडी वाळू. बाकी काही नाही. झाडाने मूळ धरलं की वर्षातून एकदा ह्यातली चिमूट घाला."

"चिमूट?"

"चिमूटच. तेवढंच सोसतंय त्याला."

नळाला पाणी आलं त्या दिवशी सोनालीला बोलावून त्यांनी ते काम केलं. सोनालीने रोप उचललं, हिंदुरावांनी पातेल्यात मुळ्या धुतल्या, लहान पोराचे पाय धुवावेत तशा. धुतलेलं गढूळ पाणी त्यांनी मोरीत जाऊ दिलं नाही. खाली उतरून रस्त्यावरच्या लिंबाच्या बुंध्याशी ओतून आले. कुंडीतली माती ओंजळी ओंजळीने तेलाच्या रिकाम्या डब्यात गेली. प्रत्येक ओंजळीला ते थांबत होते. हे मी तिला बाहेर काढतोय, असं ते एकदा मोठ्याने म्हणाले, आणि सोनाली पाठ फिरवून उभी राहिली.

मुरमाड मातीतलं ते रोप त्यांना बघवेना. पान वाढलंय आणि पानात काही नाही, असं त्यांना वाटायचं. हात शिवशिवायचे. पण ते गुडघ्यांत हात दाबून बसत आणि पाणी घातल्याशिवाय त्याला शिवत नसत. या बसण्यातच त्यांना एक दिवस ती मोरीतली तांब्याची धार स्पष्ट ऐकू आली. "तिला सोसत नव्हतं गं," ते फोनवर सोनालीला म्हणाले. "मी ऐकत हुतो आन् वाढत हुतो." सोनालीने त्यांना समजावलं नाही.

पावसाळ्यात रोपाला एक नवं पान आलं, कोवळं, कडा न करपलेलं. मग आणखी एक आलं.

रंभाबाईंच्या वर्षश्राद्धाला रोप वीतभर झालं होतं. नैवेद्य दाखवून झाल्यावर हिंदुराव तेलाचा डबा घेऊन गॅलरीत आले. सोनालीने झाकण काढलं. डबा गच्च भरलेला होता. वर्षाला चिमूट म्हणजे हा आपल्या हातून संपायचा नाही, हे दोघांनाही दिसत होतं. त्यांनी चिमूट घेतली, तळहातावर ठेवून पाहिली, त्यातली अर्धी परत डब्यात टाकली आणि उरलेली रोपाच्या बुडाशी भुरभुरली.

"पुरं," ते म्हणाले. वडलांच्या तोंडून हा शब्द सोनालीने जन्मात कधी ऐकला नव्हता.

मग डब्याच्या कडेवर हात ठेवून ते म्हणाले, "सोने, माझी राख झाली की ती बी ह्यातच घाल. उदयआण्णा नेतो म्हनला तरी दिऊ नको."

"आप्पा, आज नको ना हे."

"ऐक की. आन् झाडाला घालताना अशीच, चिमूट चिमूट." त्यांनी बोटांना लागलेली माती डब्यात झटकली. "आग्रह करू नको."

सोनालीने झाकण दाबून बसवलं आणि डबा सावलीला सरकवून ठेवला.